समाजशास्त्राचं कामाचं वर्ष: बेळगाव सीमाभागात ते कसं आखावं आणि कुठे फसतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात समाजशास्त्र घेणाऱ्यांचं कामाचं वर्ष, म्हणजे एखाद्या संस्थेत काम करत आपला अभ्यास करण्याचं वर्ष, बहुतेकदा एकाच पद्धतीने फसतं. ओळखीतून एखादी संस्था मिळते, पत्र येतं, आठ-नऊ महिने हजेरी लागते, कार्यक्रमांचे फोटो निघतात आणि शेवटच्या महिन्यात विचारलं जातं, ‘सर, रिपोर्टला विषय काय घेऊ?’ क्रम उलटा झालेला असतो. प्रश्न आधी ठरतो, मग संस्था, मग पत्र, मग गाव. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. एखादी गाळून पुढे गेलात तर ती नंतर दुप्पट वेळ खाते.

ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत समाजशास्त्राची पदवी चार वर्षांची करून त्यातलं तिसरं वर्ष सरळ नोकरीसारखं बाहेर काढता येतं. आपल्याकडे असं तयार वर्ष क्वचितच मिळतं. ते स्वतः बसवावं लागतं, आणि पहिली चूक तिथेच होते.

## पायरी १: वर्ष नेमकं कुठे बसतं ते बघा (सुरुवातीच्या आठ महिने आधी)

दोन वाटा आहेत.

पहिली वाट अभ्यासक्रमातल्या इंटर्नशिपची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशेबात इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटची इंटर्नशिप १२० तासांत संपते. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. याला कामाचं वर्ष म्हणता येत नाही, पण पुढच्या वर्षाची चाचणी म्हणून हे दिवस उत्तम. ज्या संस्थेत वर्ष काढायचं मनात आहे तिथेच हे १२० तास करा.

दुसरी वाट बीए आणि एमएच्या मधल्या पूर्ण वर्षाची. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला खरी उपयोगी हीच. मात्र तिची कागदपत्रं वर्ष सुरू होण्याआधी हातात हवीत:

- बीएच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र.
- विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. राणी चन्नम्मा विद्यापीठातून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, किंवा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून कुठेही जाताना ते मागतातच.
- एमएच्या प्रवेशाला मधलं वर्ष चालतं का आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागतं का, याचं विभागाकडून लेखी उत्तर. फोनवर मिळालेलं ‘चालतंय की’ प्रवेशाच्या दिवशी कामाला येत नाही.
- शिष्यवृत्ती मध्ये तुटली तर पुन्हा सुरू होते का, हे एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या नियमांत बघून ठेवा.

सावध: मोठ्या बहिणीची किंवा सीनियरची फाइल जशीच्या तशी उतरवू नका. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला आणि २०२४-२५ पासून राज्याने नव्या तुकड्यांसाठी पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. एकाच कॉलेजात लागोपाठच्या तुकड्यांचे इंटर्नशिपचे नियम वेगळे निघतात. आपल्या तुकडीचा अभ्यासक्रम छापून घ्या आणि त्यातली इंटर्नशिपची ओळ अधोरेखित करून ठेवा.

## पायरी २: प्रश्न एका वाक्यात लिहा (सहा महिने आधी)

‘निपाणीतील विडी कामगार महिलांच्या समस्या’ हे प्रकरणाचं शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो: निपाणीत घरी विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात पानं-तंबाखू कोण आणतं, मोजणीला कोण जातं, पैसे कुणाच्या हातात पडतात, आणि मुलगी विडी सोडते तेव्हा ती कोणत्या कामाला लागते? यात बघण्याजोगं, विचारण्याजोगं आणि मोजण्याजोगं असं तिन्ही आहे.

आपल्या भागात असे विषय पायाशी पडलेत. बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या विणकरांच्या मागांवर पुढची पिढी बसते का? उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फौंड्रीत ठेकेदाराकडून येणारे कामगार कोणत्या गावांतून, कुणाच्या ओळखीने येतात? २०१९ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या कोणत्या कुटुंबांनी गाव सोडलं आणि कोणती परतली? घरात मराठी बोलणारे आईबाप मुलाला कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात घालतात तेव्हा निर्णय कोण घेतं? भीमगड अभयारण्यालगतच्या खानापूरच्या वाड्यांतली तरुण मुलं कामाला गोव्याकडे वळतात की बेळगावकडे?

प्रश्न लिहिला की तीन कसोट्या लावा.

हंगाम. ऊसतोडीच्या टोळ्यांचा प्रश्न घेऊन मे महिन्यात अथणी-रायबागला गेलात तर खोपी रिकाम्या असतात. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा गळीत हंगाम धरूनच वर्ष मांडावं लागतं. उलट कणकुंबी-जांबोटीकडचं काम जून ते सप्टेंबर ठेवू नका. तिकडचा पाऊस तुमचं वेळापत्रक विचारत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला गर्दी उसळते. भक्तांविषयी काम असेल तर त्या तारखा आधी टाका, नसेल तर त्या आठवड्यात गावात माणूस सापडणार नाही असं धरून चाला.

पोहोच. गावाला सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी बस आहे का? बायका शेतावरून सातला परततात आणि शेवटची बस साडेसहाची असते, अशा गावात मुक्कामाची सोय नसेल तर बायकांच्या मुलाखती होतच नाहीत. मग रिपोर्टमध्ये पारावरचे पुरुषच बोलतात आणि लिहिणाऱ्याला वाटतं, गाव बोललं.

उत्तर आधीच माहीत आहे का? ‘गरिबीमुळे मुलं शाळा सोडतात’ हे तुम्हाला आजच माहीत असेल तर वर्ष घालवू नका. एकाच गल्लीत, सारख्याच गरिबीत, एक मुलगा शाळा सोडतो आणि शेजारची मुलगी सोडत नाही, असं का होतं ते विचारा.

आकडे या टप्प्यावरच चाळून घ्या. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ होती, पण जिल्ह्याचा आकडा गावाला लावू नका. कन्नड बहुसंख्य जिल्ह्यात मराठी बहुसंख्य गावं आहेत आणि त्यांच्यातही कन्नड बोलणाऱ्या गल्ल्या आहेत. गावनिहाय लोकसंख्येचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं (२०१९-२१) जिल्हा पत्रक लग्नाचं वय, शिक्षण, आरोग्य यांसाठी वापरा. तालुक्याविषयी ते काही सांगत नाही.

## पायरी ३: संस्था शोधा (पाच ते चार महिने आधी)

आता संस्था. प्रश्न हातात असला की निवड सोपी होते, कारण ज्यांचा रोजचा संबंध त्या लोकांशी आहे तेच तुमच्या कामाचे. खानापूर तालुक्यात बायकांच्या आणि मजुरांच्या संघटनांबरोबर काम करणारी ‘जागृती महिला ओक्कूट’, देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांची ‘मास’, मेडिकल कॉलेजांच्या सामुदायिक आरोग्य प्रकल्पांतली क्षेत्रीय कामं, कारखान्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) विभाग, ग्रामपंचायत ग्रंथालयं, बचत गटांचे तालुका संघ असे बरेच प्रकार आहेत. लहान संस्थेत काम सगळ्या प्रकारचं मिळतं आणि पैसे कमी. मोठ्या प्रकल्पात मानधन ठरलेलं असतं, पण वर्षभर एकच फॉर्म भरण्याचा धोका असतो.

भेटीला जाताना चार प्रश्न लिहून न्या:

१. मला रोज कोणतं काम असेल आणि कुणाच्या हाताखाली?
२. आठवड्यात किती दिवस गावात आणि किती दिवस टेबलावर?
३. गेल्या वर्षी माझ्यासारखं कुणी होतं का? त्यांच्याशी बोलता येईल का?
४. माझ्या अभ्यासासाठी आठवड्यातला एक दिवस मिळेल का?

तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं तर दुसरं दार ठोठवा.

तपासा: संस्थेची नोंदणी, एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलवरचा क्रमांक, मागच्या वर्षाचा अहवाल. मुलींनी आणि मुलांनीही विचारावं: लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ती बंधनकारक आहे आणि प्रशिक्षणार्थीही त्या कायद्याच्या कक्षेत येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याचा चेहरा पडला तर तेही उत्तरच.

अर्जाबद्दल एक बारीक गोष्ट. सरकारी कार्यालयाला किंवा पंचायतीला द्यायचं पत्र कन्नडमध्ये, किमान इंग्रजीत असू द्या, आणि शहराचं नाव सरकारी रूपात ‘बेळगावी’ लिहा. घरी आपण बेळगावच म्हणतो, पण पत्र घरी जाणार नाही. फक्त मराठीतलं पत्र टेबलावर पडून राहतं आणि तुमचा विषय भाषेचा नसतानाही भाषेचा होऊन बसतो.

## पायरी ४: करारपत्र (तीन महिने आधी)

‘येऊन जॉईन व्हा’ यावर जॉईन होऊ नका. एका पानाचं पत्र पुरे, त्यात एवढं हवं:

- सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आठवड्याचे तास.
- मार्गदर्शकाचं पद. व्यक्ती बदलली तरी पद राहतं.
- मानधन किती, कोणत्या तारखेला. प्रवासखर्च वेगळा की त्यातच.
- जमवलेली माहिती कुणाची. हे कलम सगळ्यात जास्त विसरलं जातं. नाव-गाव काढून टाकलेली माहिती तुम्हाला प्रबंधासाठी वापरता येईल असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर वर्षाच्या शेवटी ‘डेटा प्रोजेक्टचा आहे’ हे वाक्य ऐकू येतं, आणि कागदावर ते बरोबरही असतं.
- संस्थेला न पटणारा निष्कर्ष निघाला तर काय? त्यांना वाचायला पंधरा दिवस, त्यांचं म्हणणं परिशिष्टात, पण मजकूर तुमचा, असं ठरवता येतं.
- प्रमाणपत्रात तारखा, एकूण तास आणि कामाचं स्वरूप लिहिलं जाईल. नुसत्या ‘समाधानकारक काम केले’ याचा पुढे उपयोग नाही.

मानधन कमी असेल तर महिन्याचा हिशेब आधी मांडा: बस, एक वेळचं बाहेरचं जेवण, रिचार्ज, झेरॉक्स, मुक्कामाचे दिवस. मुलींना कर्नाटकचा पत्ता असलेल्या ओळखपत्रावर राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसने फुकट जाता येतं. कोल्हापूर-गडहिंग्लजकडची वारी असेल तर ती त्यात धरू नका, महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. रोज खेड्यातल्या रस्त्यांवर फिरायचं तर वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेतून काढून ठेवा. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात. आरोग्य विमा तो नव्हे, पण वीस रुपयांत कारण सांगायला जागा नाही.

## पायरी ५: प्रश्नावली आणि भाषा (पहिले सहा आठवडे)

सीमाभागातलं काम इथे घडतं किंवा बिघडतं. म्हणून ही पायरी लांब आहे.

पुण्या-मुंबईची तयार प्रश्नावली उचलू नका. महाराष्ट्रातले रकाने इथे बसत नाहीत. काही ठळक ठिकाणं:

*जात-प्रवर्ग.* ‘ओबीसी’ असा एकच रकाना ठेवलात तर घोळ होतो. कर्नाटकात मागासवर्गीयांचे प्रवर्ग १, २अ, २ब, ३अ, ३ब असे आहेत. मराठा समाज इथे ३ब मध्ये येतो, महाराष्ट्रात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) प्रवर्गात. कोल्हापूरला दिलेल्या मुलीची मुलं आणि इथल्या तिच्या भावाची मुलं यांचे कागद वेगळे निघतात. जात आणि प्रवर्ग असे दोन रकाने करा, आणि प्रवर्ग कोणत्या राज्याच्या दाखल्यावरचा तेही लिहा.

*जमीन.* इथला उतारा एकर-गुंठ्यांत, महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये. सीमेच्या दोन्ही बाजूंना शेत असलेली घरं कमी नाहीत. ४० गुंठ्यांचा एकर आणि १ हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. ‘दोन’ एवढंच लिहून आणलंत तर घरी बसून ते एकर की हेक्टर हे कळत नाही. आकड्यापुढे एकक लिहायचंच.

*शिक्षण.* बारावी नव्हे, पीयूसी. दहावी आणि एसएसएलसी असे दोन्ही शब्द छापा.

*योजना.* इथे रेशनचं बीपीएल कार्ड, स्त्रीशक्ती आणि संजीवनीचे बचत गट, गृहलक्ष्मीचे महिन्याचे २,००० रुपये. महाराष्ट्रातलं ‘केशरी कार्ड’ किंवा ‘उमेद गट’ विचारलंत तर माणूस गोंधळतो, मग नम्रपणे ‘हो’ म्हणतो. चुकीचं ‘हो’ हे कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट.

प्रश्न बोलीत उतरवा. ‘आपल्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचे स्रोत कोणते?’ याला उत्तर येत नाही. ‘वर्साला घरात पैसे कुठनं कुठनं येतात?’ याला येतं, आणि म्हशीपासून गोव्यातल्या लेकापर्यंत सगळं येतं. ‘कोण काय करालेत?’ असं विचारलं की कामाची यादी मिळते. ‘व्यवसाय?’ विचारलं की ‘शेती’ एवढंच.

कन्नडचं भाषांतर दोन्ही बाजूंनी करा. एकाने मराठीतून कन्नड करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मराठीत आणायचं, मग दोन्ही मराठी शेजारी ठेवायच्या. फरक दिसला की प्रश्न दुरुस्त. सारखे दिसणारे शब्द सगळ्यात जास्त फसवतात. मराठीत ‘साल’ म्हणजे वर्ष, कन्नडमध्ये ‘साल’ म्हणजे कर्ज. ‘साल एष्टु?’ हे वर्ष विचारायला म्हणालात तर तुम्ही पहिल्याच भेटीत माणसाचं कर्ज विचारलंत. उत्तर कर्नाटकात ‘आई’ म्हणजे आजी, आई ती ‘अव्वा’. घरातल्या माणसांची यादी करताना एक पिढी इकडची तिकडे होते.

नात्यांचं तर खास बघा. मामाच्या मुलीशी लग्न दोन्ही भाषकांत होतं, आणि कन्नड घरांत मामाने भाचीशी केलेली लग्नंही भेटतात. ‘तो आमचा मामा’ म्हणजे आईचा भाऊ, सासरा की दोन्ही? वहीत ‘मामा’ लिहू नका. ‘आईचा भाऊ’, ‘नवऱ्याचा बाप’ असं मोडून लिहा आणि शेजारी छोटा वंशवृक्ष काढा. मिनिटभर लागतो. नंतर संध्याकाळ वाचते.

कन्नड बोलता येत नसेल तर निदान आदराची ‘री’ शिका. ‘बर्री’ (या), ‘हौद्री’ (हो), ‘ऊट आत्री?’ (जेवण झालं का?) यातली ‘री’ गळली की वाक्य तेच राहतं आणि सूर अरेतुरेचा होतो. चुकीचं व्याकरण लोक हसून सोडतात, गळलेली ‘री’ सोडत नाहीत.

मातृभाषेचा प्रश्न पहिल्या पानावर ठेवू नका. या भागात तो विचारताच समोरचा ठरवून टाकतो की तुम्ही कुठल्या तरी बाजूचे. मग पुढची सगळी उत्तरं त्या बाजूला बघून येतात. तो शेवटी ठेवा आणि तीन तुकडे करा: घरात काय बोलता, बाजारात काय बोलता, मुलांची शाळा कोणत्या माध्यमाची. बहुतेकांचं उत्तर एका भाषेत मावत नाही, हेच तुमचं निरीक्षण.

चाचणी. प्रश्नावली पक्की करण्याआधी ८ ते १० जणांवर वापरा. त्यांतले निम्मे कन्नड बोलणारे, निम्म्या बायका. एक प्रश्न तिघांना समजावून सांगावा लागला तर दोष प्रश्नाचा. चाचणीची उत्तरं मुख्य कामात मिसळू नका.

छापील फॉर्मऐवजी मोबाइल वापरायचा तर कोबो टूलबॉक्ससारखं मोफत साधन विद्यार्थ्याच्या कामाला पुरतं. नेट नसताना चालतं आणि एकाच फॉर्मला मराठी-कन्नड दोन्ही भाषा लावता येतात. म्हाताऱ्या माणसाशी बोलताना मात्र वही बरी. स्क्रीनकडे बघत विचारणारा पोरगा बँकेचा वाटतो.

## पायरी ६: गावात शिरणं

संस्थेच्या ओळखीने शिरलात तरी पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) पत्र देऊन पोच घ्या. अंगणवाडी किंवा शाळेत बसायचं असेल तर त्या-त्या खात्याची परवानगी वेगळी. पंचायतीचं पत्र तिथे चालत नाही.

पहिले पंधरा दिवस मुलाखत एकही नको. गावाचा नकाशा हाताने काढा: गल्ल्या, पाण्याची ठिकाणं, देवळं, मशीद, समाजमंदिर, कोणत्या कट्ट्यावर कोण बसतं आणि कोण कधीच बसत नाही. मगच घरं निवडा.

नेहमीची चूक: जी गल्ली चहा देते तिथेच सगळ्या मुलाखती. संस्थेची कार्यकर्ती ज्या समाजाची त्याच समाजाची घरं यादीत येतात, कारण तीच बरोबर येते. यावर उपाय सरळ आहे. नकाशावर प्रत्येक गल्लीची घरं मोजा आणि त्या प्रमाणात ठरावीक अंतराने, म्हणजे दर पाचवं किंवा दर आठवं, घर घ्या. बंद घराला तीन फेऱ्या द्या, वेगवेगळ्या वेळी. लगेच शेजारचं घर घेतलंत तर दिवसभर मजुरीला जाणारी माणसं यादीतून आपोआप गळतात.

संमती तोंडी घेतली तरी चालते, पण तीन गोष्टी सांगायच्याच: मी कोण, हे कशाला, आणि ‘नाही’ म्हणालात तरी रेशन-पेन्शनला धक्का लागणार नाही. तिसरी न सांगितल्यास लोक तुम्हाला सर्व्हेवाले समजून उत्पन्न कमी सांगतात. सही मागू नका, सहीने माणसं घाबरतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी आई-वडिलांची परवानगी आणि त्या मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही हवीत.

## पायरी ७: रोजचं काम

आकड्यांचा अंदाज असू द्या. तीसेक प्रश्नांची घरोघरची प्रश्नावली दिवसाला ६ ते ८ घरं होते. कुणी पंधरा भरून आणल्या असतील तर निम्म्या कट्ट्यावर बसून भरल्या आहेत. सविस्तर मुलाखती दिवसाला दोनच, तिसरीत तुमचे कान थकलेले असतात. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला ४ ते ६ तास लागतात, मराठी-कन्नड मिसळलेलं असेल तर आठसुद्धा. म्हणून वर्षभरात २० ते २५ सविस्तर मुलाखती आणि साधारण १२० घरं एवढं एका माणसाला भरपूर.

वहीचं डावं पान: काय दिसलं, कुणी काय म्हटलं, शक्य तिथे त्यांच्याच शब्दांत. उजवं पान: तुम्हाला काय वाटलं. दोन्ही मिसळली की चार महिन्यांनी कोणतं वाक्य गावाचं आणि कोणतं तुमचं, हे सांगता येत नाही. दिवसभराची टिपणं त्याच रात्री लिहा. बसमधला अर्धा तास खुणा टिपायला, घरी दीड तास सविस्तर. ‘रविवारी लिहू’ म्हटलेलं लिहून होत नाही.

फाइलला नाव तारीख-गाव-क्रमांक असं द्या, माणसाचं नाव नको. खरी नावं आणि क्रमांकांची जोडी एका वेगळ्या वहीत, ती घरी कुलपात. दर शनिवारी प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. फोन पाण्यात पडतो आणि तो मुलाखतीच्या दिवशीच पडतो.

सावध: लोक मदत मागतील. पेन्शन अडकलीय, आधार जुळत नाही. फॉर्म भरून द्यायला हरकत नाही, पण ‘करून देतो’ असा शब्द देऊ नका, आणि कुणाचं एटीएम कार्ड किंवा ओटीपी हातात घेऊ नका, काकूंनी कितीही विश्वासाने दिलं तरी.

## पायरी ८: चौथ्या महिन्याचा थांबा

आठवडाभर गावात जाऊ नका. उतरवलेल्या मुलाखती वाचा, समासात शब्द लिहा: ‘मोजणी’, ‘सासूचा हात’, ‘गोवा’. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात त्यांची यादी प्रश्नाशेजारी ठेवा. प्रश्न बदलावासा वाटला तर आत्ताच बदला. आठव्या महिन्यात बदललेला प्रश्न म्हणजे नवं वर्ष. हे पान मार्गदर्शक प्राध्यापकांना आणि संस्थेला, दोघांनाही दाखवा. कुणाची माणसं राहून गेली आहेत तेही तपासा. बहुधा बायका, भाडेकरू, बाहेरून आलेले मजूर आणि गावाच्या टोकाची घरं.

## पायरी ९: लेखन आणि परत जाणं (शेवटचे अडीच महिने)

दोन कागद वेगळे करा. संस्थेसाठी आठ-दहा पानं, कन्नड किंवा मराठीत: काय आढळलं, कुठे काम करता येईल. विद्यापीठासाठी प्रबंध: प्रश्न, पद्धत, गाव, निष्कर्ष. एकच मजकूर दोघांना दिला की संस्थेला तो जड वाटतो आणि विद्यापीठाला हलका. संस्थेची ओळख प्रबंधात एका पानापेक्षा जास्त नको. उद्घाटनाचे फोटो नकोतच.

नावं बदलली तरी लहान गावात माणूस ओळखू येतो. ‘गावातली एकमेव पदवीधर विधवा’ असं लिहिलंत तर नाव लपवून काय उपयोग? असा तपशील मोडा किंवा दोन गावांची नावं एकत्र बदला. जातीतल्या भांडणाचा, प्रेमलग्नाचा, दारूच्या धंद्याचा उल्लेख असेल तर ते पान गाव ओळखणाऱ्या एका माणसाला वाचायला द्या आणि एवढंच विचारा: कोण हे, कळतंय का?

छपाईआधी गावात एक बैठक घ्या, शक्यतो संध्याकाळी सातनंतर आणि बायकांची वेगळी. मुख्य चार-पाच गोष्टी दोन्ही भाषांत तोंडी सांगा. लोक दुरुस्त्या सांगतात आणि त्या बहुधा बरोबर असतात. त्या तारखेसह प्रबंधात घाला.

मग नावांची वही नष्ट करा. रेकॉर्डिंग निकाल लागेपर्यंत ठेवा, त्यानंतर पुसा आणि पुसल्याची तारीख प्रबंधाच्या तुमच्या प्रतीत लिहून ठेवा. एमएच्या प्रवेश अर्जाला प्रमाणपत्र जोडताना मूळ प्रत देऊ नका, साक्षांकित झेरॉक्स द्या.